१.७ की ३.८? व्हॉल्व्ह बदलण्याआधी सांगितलेला धोक्याचा आकडा कुठून येतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईचं वय ७८, वजन ५० किलो. महाधमनीचा व्हॉल्व्ह खूप आकसलाय, घरातल्या घरात चालतानाही धाप लागते. टू-डी एकोत हृदयाचं पंपिंग चांगलं आहे, फुफ्फुसाच्या धमनीतला दाब ४५. क्रिएटिनिन १.०. एका रुग्णालयात सांगितलं की ऑपरेशननंतर लवकर मृत्यू येण्याचा धोका १.७ टक्के. त्याच आठवड्यात, त्याच रिपोर्टांवरून, दुसरीकडे ३.८ टक्के सांगितला. दोघांनीही 'युरोस्कोर टू' वापरल्याचं सांगितलं. एकाच सूत्राची दोन उत्तरं कशी, आणि खरं कुणाचं मानायचं?

मी हृदयशस्त्रक्रियांचा भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी रुग्णाच्या खाटेशेजारी बसून हा आकडा काढणं आणि मग तो नातेवाइकांना समजेल अशा भाषेत सांगणं, हे कित्येक वर्षं करतोय. तुम्ही रिपोर्ट दिलेच आहेत, तर आधी हिशेबच मांडतो. तुमचं उत्तर त्या हिशेबातच आहे.

युरोस्कोर टू २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१० च्या मे ते जुलैमध्ये ४३ देशांतल्या १५४ रुग्णालयांत हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या २२,३८१ रुग्णांच्या नोंदी त्याच्या मुळाशी आहेत. सूत्र तसं साधं आहे. उणे ५.३२४५ पासून सुरुवात करायची आणि रुग्णात जी जी गोष्ट सापडेल तिचं ठरलेलं वजन त्यात मिळवत जायचं. शेवटी येणाऱ्या बेरजेचं एका गणिती पायरीने टक्क्यांत रूपांतर होतं. साठीच्या आतला, दुसरा कुठलाच आजार नसलेला, फक्त बायपाससाठी आलेला पुरुष घेतला तर उत्तर ०.५ टक्के येतं. ही झाली तळाची पायरी.

आता तुमच्या आईचं. वयासाठी साठीपर्यंत एक एकक, पुढे दर वर्षाला एक. ७८ व्या वर्षी १९ एककं, त्यांचं वजन ०.५४२. स्त्री असल्याचे ०.२२०. घरात चालताना धाप म्हणजे एनवायएचए (हृदयविकारातल्या धापेचे चार वर्ग पाडणारी पद्धत) तिसरा वर्ग, त्याचे ०.२९६. फुफ्फुसाच्या धमनीतला दाब ३१ ते ५५ च्या मध्ये, त्याचे ०.१७९. बायपास नसलेली एकच शस्त्रक्रिया, त्याचे जेमतेम ०.००६. इथवरची बेरीज केली की उत्तर येतं १.७ टक्के. तुमच्या पहिल्या रुग्णालयाचा आकडा हाच.

पण मूत्रपिंड राहिलं. क्रिएटिनिन १.० म्हणजे लॅबच्या कागदावर 'नॉर्मल'. त्याखाली रेघ नाही, तारा नाही, म्हणून भरणाऱ्याने तो रकाना तसाच पुढे सोडला असणार. युरोस्कोर टू मात्र क्रिएटिनिन विचारतच नाही, क्रिएटिनिन क्लिअरन्स विचारतो, म्हणजे मूत्रपिंड रक्तातून क्रिएटिनिन किती वेगाने गाळून काढतं ते. तो १९७६ च्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने काढतात: १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, बाईंसाठी ०.८५ ने गुणा, आणि ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागा. १४० वजा ७८ म्हणजे ६२, ६२ गुणिले ५० म्हणजे ३,१००, गुणिले ०.८५ म्हणजे २,६३५, भागिले ७२. उत्तर ३६.६. ८५ च्या वर असेल तर मूत्रपिंड ठीक धरतात, ५० किंवा त्याखाली असेल तर वजन ०.८५९. ते मिळवलं की १.७ चे ३.८ होतात.

म्हणजे दुसऱ्या रुग्णालयाचा आकडा बरोबर आहे, आणि पहिल्यांनी लबाडी केली असंही मी म्हणणार नाही. किरकोळ बांध्याच्या म्हाताऱ्या बाईचे स्नायू मुळातच कमी असतात. क्रिएटिनिन स्नायूंतूनच तयार होतं, त्यामुळे मूत्रपिंड निम्म्याहून कमी काम करत असलं तरी रक्तातला आकडा गोंडस दिसतो. ही चूक मी निवासी डॉक्टरांच्या फॉर्मवर इतक्यांदा पाहिली आहे की आता वजन आणि वय वाचल्याशिवाय क्रिएटिनिनकडे बघतच नाही. आणखी एक खोड लक्षात ठेवा. अशा कॅल्क्युलेटरमध्ये न भरलेला रकाना बहुतेक वेळा 'हा त्रास नाही' असाच धरला जातो. माहिती नसणं आणि आजार नसणं यातला फरक यंत्राला कळत नाही, म्हणून घाईघाईत भरलेला फॉर्म नेहमी धोका कमीच दाखवतो.

आता हे सूत्र उलट्या बाजूने वापरून बघू, कारण माझ्या मते त्याचा खरा उपयोग तिथे आहे. समजा निर्णय लांबत गेला, आणि तीन महिन्यांनी आईंना एका रात्री फुफ्फुसात पाणी होऊन दाखल करावं लागलं. बसल्या जागी धाप, म्हणजे एनवायएचए चौथा वर्ग. घरी सोडता येत नाही, याच भरतीत ऑपरेशन करायचं, म्हणजे 'अर्जंट'. बाकी सगळं तेच ठेवून हिशेब केला तर ६.७ टक्के. त्यात रक्तदाब टिकवायला औषधांचे ड्रिप लागले किंवा व्हेंटिलेटरवर घ्यावं लागलं, तर सूत्राच्या भाषेत 'क्रिटिकल' अवस्था, आणि आकडा १७.४ टक्के. बाई तीच, व्हॉल्व्ह तोच, सर्जनही तोच. १.७ खरे की ३.८ यावर घरात वाद घालण्यात जे आठवडे जातील, त्या आठवड्यांची किंमत या दोन आकड्यांतल्या फरकापेक्षा मोठी असू शकते.

'लवकर मृत्यू' या शब्दाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण प्रत्येक जण त्याचा वेगळा अर्थ लावतो. युरोस्कोर टू मोजतो तो ज्या रुग्णालयात ऑपरेशन झालं तिथून सुटी होण्याआधीचा मृत्यू. बाराव्या दिवशी दुसऱ्या रुग्णालयात हलवलेला रुग्ण विसाव्या दिवशी तिथे गेला, तर या मोजमापात तो वाचला. अमेरिकेतल्या सोसायटी ऑफ थोरॅसिक सर्जन्सचा एसटीएस स्कोर तीस दिवसांच्या आतला मृत्यू मोजतो, मग तो कुठेही होवो, आणि त्याच भरतीतला मृत्यू मोजतो, मग तो कितव्याही दिवशी होवो. छाती न उघडता कॅथेटरने, म्हणजे रक्तवाहिनीतून सरकवलेल्या बारीक नळीने, व्हॉल्व्ह बसवण्याच्या क्षेत्रात २०२१ च्या 'व्हार्क-३' व्याख्यांनी आणखी गंमत केली: तीस दिवसांपर्यंतचा किंवा त्याच भरतीतला मृत्यू तो प्रक्रियेशी निगडित, आणि 'अर्ली' म्हणजे तीस दिवसांनंतर वर्षापर्यंतचा. तेव्हा कुणी टक्के सांगितले की पहिला प्रश्न हाच: कुठल्या दिवसापर्यंतचे?

दुसरा प्रश्न, हा आकडा किती भरवशाचा? इथे दोन वेगळ्या कसोट्या आहेत आणि डॉक्टरही त्यांची सरमिसळ करतात. एक म्हणजे, जास्त धोक्याचा माणूस आणि कमी धोक्याचा माणूस यांना सूत्र वेगळं ओळखतं का. समजा, गेलेल्यांतला एक रुग्ण आणि वाचलेल्यांतला एक रुग्ण उचलला. गेलेल्याचा आकडा वाचलेल्यापेक्षा वर होता का? अशा शंभर जोड्यांत किती वेळा वर होता, ते 'सी-स्टॅटिस्टिक' सांगतो. नाणं उडवून ५० मिळतातच. दुसरी कसोटी म्हणजे, सूत्राने शंभरात चार म्हटलं तर खरंच चार जातात का. पहिल्या कसोटीत उत्तम उतरलेलं सूत्र दुसरीत सपशेल पडू शकतं: रांग बरोबर लावतं, पण सगळ्यांच्याच पुढे दुप्पट आकडा लिहितं.

नेमकं हेच जुन्या युरोस्कोरचं झालं. १९९९ चा पहिला युरोस्कोर १९९५ च्या रुग्णांवर बेतलेला. पुढच्या पंधरा वर्षांत भूल, हार्ट-लंग मशीन, हृदय थांबवून ठेवण्याची द्रावणं, आयसीयूची देखभाल सगळंच सुधारलं, आणि सूत्र मात्र जुन्याच काळात राहिलं. २०१० च्या त्या २२ हजारांवर रुग्णांत प्रत्यक्ष मृत्यू झाले ३.९ टक्के, जुन्या लॉजिस्टिक युरोस्कोरचं भाकीत होतं ७.५७ टक्के. म्हणून नवं सूत्र करावं लागलं. या झिजण्याला आमच्यात 'ड्रिफ्ट' म्हणतात. आज आपण वापरतोय तो युरोस्कोर टूही आता २०१० पासून पुढे बराच वाहत आलेला आहे.

याहून ठसठशीत उदाहरण 'पार्टनर' चाचणीचं. २००२ च्या १६ एप्रिलला फ्रान्समधल्या रुआँ इथे अलँ क्रिबिए यांनी माणसाच्या हृदयात कॅथेटरने पहिला महाधमनी व्हॉल्व्ह बसवला. तो रुग्ण सर्जनांनी नाकारलेला होता, म्हणजे या उपचाराचा जन्मच 'धोका फार' या शेऱ्यातून झाला. मग मोठ्या चाचण्या आल्या, तेव्हा कुणाला जास्त धोक्याचं म्हणायचं हे स्कोरवरून ठरवलं गेलं. २०११ मध्ये निष्कर्ष आले त्या पार्टनरच्या गटात ६९९ जण होते, सगळे जास्त धोक्याचे पण ऑपरेशन शक्य असलेले; काहींना चिठ्ठी टाकल्यासारखं कॅथेटरच्या बाजूला टाकलं, काहींना छाती उघडून ऑपरेशनच्या. लॉजिस्टिक युरोस्कोर त्यांच्यासाठी सुमारे २९ टक्के मृत्यू सांगत होता, एसटीएस स्कोर सुमारे १२ टक्के. ज्यांना ऑपरेशनच्या बाजूला टाकलं त्यांच्यातले तीस दिवसांत प्रत्यक्षात गेले ६.५ टक्के. माणसं तीच, तीन आकडे. अर्थात चाचणीत निवडक केंद्रं होती, अनुभवी हात होते. पण स्कोरमध्ये रुग्णालयाचा रकाना नसतो, हाच तर मुद्दा.

रुग्णालयाने स्वतःचे आकडे द्यावेत अशी अपेक्षा रास्त आहे, फक्त ते ऐकताना थोडं सावध राहा. 'आमच्याकडे गेल्या पन्नास ऑपरेशनांत एकही मृत्यू नाही' हे खरं असलं तरी त्यातून इतकंच सिद्ध होतं की त्यांचा खरा मृत्युदर बहुधा सहा टक्क्यांच्या आत आहे. शून्य घटना असतील तर तीनला ऑपरेशनांच्या संख्येने भागायचं, असा संख्याशास्त्रात एक झटपट नियम आहे. तीन भागिले पन्नास म्हणजे सहा टक्के. शंभरात तीन मृत्यू असतील तरी खरा दर अर्ध्या टक्क्याच्या जरा वरपासून साडेआठ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो. शिवाय अवघड रुग्ण परत पाठवणाऱ्याचे आकडे नेहमीच देखणे असतात. विचारायचंच असेल तर असं विचारा: तुमच्या रुग्णांच्या स्कोरप्रमाणे किती मृत्यू अपेक्षित होते आणि प्रत्यक्ष किती झाले? ज्यांच्याकडे या भागाकाराचं उत्तर तयार असतं ते आपला हिशेब ठेवतात, एवढं तरी कळतं.

आता सूत्रात जे नाही त्याकडे येतो. यावर मी जरा रेंगाळणार आहे.

युरोस्कोर टूमध्ये हिमोग्लोबिन नाही. अल्ब्युमिन, म्हणजे पोषण कसं आहे याचा अंदाज देणारं रक्तातलं प्रथिन, नाही. यकृताचा सिरोसिस नाही. छातीला पूर्वी दिलेलं रेडिएशन नाही, महाधमनीत चुन्याचा थर बसून ती अंड्याच्या कवचासारखी झालेली असणं नाही, उजव्या कप्प्याचं काम नाही. हालचालीचा एक रकाना आहे, पण तो सांधे, स्नायू किंवा मज्जासंस्थेच्या आजाराने हालचाल फारच मर्यादित झाली असेल तरच भरायचा. नुसतं थकून गेलेलं, वाळलेलं शरीर त्यात कुठेच बसत नाही.

सुरुवातीच्या वर्षांतले एक गृहस्थ मला अजून आठवतात. स्कोर दोन टक्क्यांच्या आसपास, रिपोर्ट स्वच्छ, मधुमेह नाही, मूत्रपिंड ठणठणीत. संध्याकाळी तपासायला गेलो तर ते खाटेवरून उठताना दोन्ही हात गादीवर रेटत होते, आणि मुलगा काखेत हात घालून उचलत होता. कंबरेचा पट्टा नव्या भोकावर आलेला, ते भोक घरीच खिळ्याने पाडलेलं. अल्ब्युमिन २.६. मी फाइलवर दोन टक्के लिहिले आणि सही केली. ऑपरेशन सुरेख झालं. पण चौथ्या दिवशीही त्यांना कफ काढायची ताकद आली नाही. न्यूमोनिया, पुन्हा व्हेंटिलेटर, मग मूत्रपिंड, आणि तेविसाव्या दिवशी ते गेले. व्हॉल्व्ह शेवटपर्यंत उत्तम चालत होता. तो खिळ्याने पाडलेला पट्टा मी पाहिला होता, तरी तो लिहायला माझ्या फॉर्ममध्ये जागा नव्हती, आणि मीही ती केली नाही.

आता त्याला जागा आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सत्तरी ओलांडलेल्या हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांना नेहमीच्या चालीने पाच मीटर चालायला लावलं. ज्यांना सहा सेकंद किंवा जास्त लागले त्यांच्यात मृत्यू किंवा मोठी गुंतागुंत होण्याची शक्यता सुमारे तिप्पट निघाली. पुढे २०१७ मध्ये तीन देशांतल्या १४ केंद्रांमधल्या १,०२० वृद्धांवरचा अभ्यास आला. सगळे महाधमनीचा व्हॉल्व्ह बदललेले, काही छाती उघडून तर काही कॅथेटरने. अशक्तपणा मोजायच्या अनेक पद्धतींची त्यात तुलना केली, आणि वर्षभरातल्या मृत्यूचा अंदाज द्यायला सर्वात सरस ठरली ती एक चार गोष्टींची छोटी चाचणी. हात न लावता खुर्चीतून पाच वेळा उठणं: १५ सेकंदांच्या आत जमलं तर शून्य, जास्त लागले तर एक, जमलंच नाही तर दोन गुण. स्मृती-आकलनात घट असेल तर एक. हिमोग्लोबिन पुरुषात १३ च्या किंवा स्त्रीत १२ च्या खाली असेल तर एक. अल्ब्युमिन ३.५ च्या खाली असेल तर एक. पाचपैकी जितके गुण जास्त, तितकं वर्ष अवघड. खर्च म्हणाल तर एक खुर्ची आणि दोन रक्ततपासण्या.

मला ही चाचणी आवडते याचं आणखी एक कारण आहे. वय बदलता येत नाही, स्त्री असणं बदलता येत नाही. पण लोहाची कमतरता भरून काढता येते, खाणं सुधारता येतं, श्वासाचे व्यायाम आधीच शिकवता येतात. अँजिओग्राफी आणि सीटी स्कॅनच्या डायने मूत्रपिंड दुखावलं असेल तर ते सावरेपर्यंत थांबता येतं. मात्र यासाठी आठवडे मिळतात, महिने नाहीत. पार्टनरच्याच दुसऱ्या गटात, ज्यांचं ऑपरेशन होऊच शकत नव्हतं अशा रुग्णांत, नुसत्या औषधांवर राहिलेल्यांपैकी ५०.७ टक्के वर्षभरात गेले. कॅथेटरने व्हॉल्व्ह बसवलेल्यांत ३०.७ टक्के. ती माणसं तुमच्या आईंपेक्षा खूप जास्त आजारी होती, तेव्हा आकडे जसेच्या तसे लावू नका. पण ३.८ टक्के मोठे वाटत असतील तर त्यांच्या शेजारी काहीच न करण्याचा धोकाही मांडून बघा.

मायट्रल व्हॉल्व्हबद्दल, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या व्हॉल्व्हबद्दल, एकच गोष्ट सांगतो, कारण हा मजकूर इतर कुणी वाचत असेल तर इथे फसगत होते. युरोस्कोर टू इजेक्शन फ्रॅक्शन (डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर पडतं तो आकडा) ५० च्या वर असलं की हृदय चांगलं धरतो. पण मायट्रल व्हॉल्व्ह गळका असेल तर डावा कप्पा निम्मं रक्त मागच्या सोप्या वाटेने ढकलत असतो, म्हणून ५५ चा आकडाही सुखरूप नसतो. अशा रुग्णांत ६० च्या खाली गेलं की आम्ही हृदय दमायला लागलं असं समजतो. व्हॉल्व्ह बदलला की ती सोपी वाट बंद होते आणि मग दमलेलं हृदय उघडं पडतं. स्कोरमध्ये याची नोंद नाही. संधिवाती तापाने खराब झालेल्या व्हॉल्व्हचे तरुण रुग्णही या सूत्रांच्या मूळ नोंदींत थोडेच होते, म्हणून त्यांच्यासाठी मी आकडा सांगतो तो हातचं राखूनच.

आता कॅथेटरचा पर्याय, म्हणजे टावी, जो ७८ व्या वर्षी तुमच्यासमोर ठेवला जाईलच. अमेरिकेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ६५ ते ८० हा दोन्ही पर्याय खुले असलेला पट्टा आहे. युरोस्कोर आणि एसटीएसचे हे नेहमीचे आकडे छाती उघडून केलेल्या ऑपरेशनांवरून बनले आहेत, ते टावीला चिकटवणं म्हणजे बैलगाडीच्या रस्त्याचा अंदाज होडीला लावणं. टावीसाठी वेगळी सूत्रं केली गेली. कॅथेटरने व्हॉल्व्ह बसवलेल्यांच्या अमेरिकेतल्या टीव्हीटी नोंदणीतल्या १३,७१८ रुग्णांवरून २०१६ मध्ये एक आलं. त्यात वय, मूत्रपिंड, डायलिसिस, एनवायएचए चौथा वर्ग, फुफ्फुसाचा गंभीर आजार, मांडीऐवजी दुसऱ्या वाटेने जावं लागणं आणि निकड एवढ्याच गोष्टी आहेत. त्याचा सी-स्टॅटिस्टिक ०.६७. फ्रान्सच्या नोंदणीवरून केलेलं सूत्र स्वतःच्या रुग्णांत ०.६७ होतं आणि तपासणीसाठी राखून ठेवलेल्या रुग्णांत ०.५९ वर घसरलं. वर म्हटलेल्या शंभर जोड्यांत ५९, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा थोडंसंच बरं.

का, याचं उत्तर मला कॅथ लॅबमध्ये उभं राहून मिळालं. टावीत टेबलावर जे जीवघेणं घडतं ते बहुधा रचनेचं असतं: व्हॉल्व्हच्या कड्यात चुन्याचा टोकदार गोळा असेल तर कडं फाटतं; हृदयाला रक्त पुरवणारी धमनी व्हॉल्व्हच्या फार जवळ, १२ मिलिमीटरपेक्षा खाली उगवत असेल तर जुनी पाकळी तिच्या तोंडावर दाबली जाऊ शकते; मांडीची धमनी बारीक आणि वळणाची असेल तर तीच फाटते. हे सगळं सीटीत दिसतं, स्कोरमध्ये नाही. म्हणून टावीबद्दल विचारताना टक्के कमी विचारा आणि सीटी उघडून दाखवायला सांगा. जो डॉक्टर पडद्यावर बोट ठेवून 'इथे मला काळजी वाटते' किंवा 'इथे काही अडचण नाही' असं सांगतो, त्याने तुमच्या आईचा धोका मोजला आहे.

'हे सगळं आता एआय करत नाही का?' असंही तुम्ही शेवटी विचारलंय. करतात, आणि करणाऱ्यांचं काम मी अधूनमधून तपासतो. पहिली गफलत अशी की शंभरात तीनच मृत्यू होत असतील तर 'कुणीच मरणार नाही' असं ठोकून देणारं मॉडेलही ९७ टक्के अचूक ठरतं. म्हणून अचूकतेचा आकडा दिसला की मी पान उलटतो. दुसरी, मृत्यू कमी म्हणून शिकवताना कृत्रिम नोंदी घालून ते वाढवतात आणि मग मॉडेल सगळ्यांनाच फुगवलेले टक्के सांगतं. तिसरी सर्वात मजेशीर. एका तरुण संशोधकाने दाखवलेलं मॉडेल थक्क करणारं होतं, पण त्याने आत घातलेल्या गोष्टींत 'व्हेंटिलेटरवर किती तास' हाही रकाना होता. ऑपरेशननंतर नऊ दिवस व्हेंटिलेटरवर असलेल्याचं काय होणार हे सांगायला यंत्र कशाला, वॉर्डबॉयही सांगेल. आदल्या संध्याकाळी माहीत असलेल्या गोष्टींपुरतं मॉडेलला बांधून ठेवलं की साध्या जुन्या लॉजिस्टिक सूत्रापेक्षा त्याचा फायदा बहुधा थोडकाच उरतो. माहितीच नवी घातली, सीटीतली, स्नायूंची, चालण्याची, तर गोष्ट वेगळी.

तर तुमच्या आईंसाठी. पहिल्या रुग्णालयात पुन्हा जाणार असाल तर वजन आणि वय दाखवून क्रिएटिनिन क्लिअरन्स काढून घ्या आणि स्कोर पुन्हा करायला सांगा. भांडायची गरज नाही, दोन मिनिटांचं काम आहे. ३.८ टक्के म्हणजे त्यांच्यासारख्या शंभर बायकांपैकी चार घरी परतत नाहीत. त्या चारांत त्या असतील का, हे सूत्राला माहीत नसतं. मी नातेवाइकांना एवढंच सांगतो, आणि 'तुमच्या जागी मी असतो तर' हे वाक्य विचारल्याशिवाय बोलत नाही. हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टांत नाहीत, ते आधी करून घ्या. आणि खुर्चीतून उठण्याची ती चाचणी वाचून आज संध्याकाळी घरी घड्याळ लावून बसू नका. इतका आकसलेला व्हॉल्व्ह आणि धाप असताना जोर लावायला सांगितलं तर चक्कर येऊन पडायला होतं. ती ओपीडीत, कुणी शेजारी उभं असताना करतात. घरी फक्त बघा, जेवणाहून उठताना त्या हात कुठे टेकवतात, आणि ते डॉक्टरांना सांगा.